ट्रायपॉड असूनही फोटो हलतो? कारण तुमचं बोट असू शकतं

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात काजवे चमकू लागतात आणि सोशल मीडियावर उजळलेल्या झाडांचे फोटो दिसू लागतात. ते पाहून अनेक जण ट्रायपॉड घेऊन तिथे पोहोचतात. घरी आल्यावर कळतं, फोटो हललेला आहे. ट्रायपॉड होता, मग चुकलं कुठे?

बटण दाबताना बोटाचा धक्का कॅमेऱ्याला बसतो आणि तो क्षणभर थरथरतो. साधारण १/३० सेकंद ते दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हा थरार सर्वाधिक जाणवतो. हा धक्का टाळण्यासाठी असतो रिमोट शटर रिलीज. म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढण्याचं बटण.

रिमोट कोणता घ्यावा?

वायरचा रिमोट स्वस्त आणि भरवशाचा असतो, मात्र प्लग तुमच्या मॉडेललाच बसणारा हवा. इन्फ्रारेड रिमोट कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर धरावा लागतो. अनेक कॅमेऱ्यांत हा सेन्सर पुढच्या बाजूला असल्याने मागे उभं राहून तो चालत नाही. ब्लूटूथ किंवा मोबाइल ॲपला ही अडचण नसते.

काजव्यांसाठी तो का लागतो?

बहुतेक कॅमेऱ्यांत जास्तीत जास्त ३० सेकंदांचं एक्स्पोजर निवडता येतं. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर 'बल्ब' मोड वापरतात. त्यात बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं. बोटाने इतका वेळ दाबून धरलं तर कॅमेरा हलणारच. वायरच्या रिमोटचं बटण मात्र लॉक करता येतं. जुन्या कॅमेऱ्यांत रबरी फुगा दाबून हवेच्या दाबाने शटर उघडत, त्यावरूनच 'बल्ब' हे नाव आलं.

शिवाय काजव्यांनी भरलेलं झाड अनेकदा एकाच फ्रेमच्या बऱ्याच फोटोंना एकत्र करून तयार होतं. मध्येच कॅमेरा जरासा सरकला, तर ते फोटो नीट जुळत नाहीत.

रिमोट नसेल तर?

दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा. बोट काढल्यावर थरार थांबतो, मग फोटो निघतो. मोबाइलवर तीन किंवा दहा सेकंदांचा टायमर असतो. अनेक फोनमध्ये वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटणही शटरचं काम करतं.

एवढं विसरू नका

उजेड असतानाच फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवा. ट्रायपॉडवर इमेज स्टॅबिलायझेशन बंद करणं बहुतेक वेळा चांगलं. फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा दिवाही बंद करा. काजवे जोडीदाराला बोलावण्यासाठी चमकतात. आपल्या उजेडात त्यांचे इशारे हरवतात आणि ज्यासाठी इतक्या लांब आलो, तेच विझतं.