कोन्याक, मोहफुलं आणि साठवून ठेवण्याचा हक्क

ऑडिओ ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा एपिसोड लेखी देतोय. विषय आहे जुनी फ्रेंच ब्रँडी. आता तुम्ही म्हणाल, यवतमाळच्या पोराला कोन्याकशी काय घेणंदेणं? घेणं आहे. आणि देणं तर त्याहून जास्त आहे, ते पुढे येईलच.

आधी कोन्याक म्हणजे काय ते पटकन बघू. फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीकाठी कोन्याक नावाचं गाव आहे. तिथल्या आंबट, हलक्या द्राक्षांची वाइन करायची आणि ती तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढायची. एक लिटर दारूसाठी नऊ-दहा लिटर वाइन लागते. भट्टीतून जे निघतं ते पाण्यासारखं स्वच्छ आणि तिखट असतं. मग ते ओकच्या लाकडी पिंपात ठेवून द्यायचं आणि वाट बघायची. रंग येतो तो लाकडाचा. बाटलीवर 'व्हीएसओपी' असेल तर निदान ४ वर्षं, 'एक्सओ' असेल तर २०१८ पासून निदान १० वर्षं पिंपात गेलेली असतात.

बहुतेक कोन्याक वेगवेगळ्या वर्षांचा माल मिसळून होतो. व्हिंटेज म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकीच्या बाटल्या म्हणजे मर्ज केलेला कोड, आणि व्हिंटेज म्हणजे एक जुना कमिट जसाच्या तसा जपलेला. पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के दारू हवेत उडून जाते. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. ही वाफ खाऊन एक बुरशी वाढते आणि गोदामांच्या भिंती काळ्या पडतात. खूप जुना झालेला माल काचेच्या मोठ्या बरण्यांत भरून ठेवतात. काचेत गेला की त्याचं वय थांबतं. म्हणून १९५० ची बाटली आजवर कपाटात पडून राहिली तरी ती तेवढ्यानं आणखी मुरत नाही.

अशी जुनी ब्रँडी मी एकदाच प्यालोय, ३० मिली, कुणाच्या तरी पैशानं. घाईनं प्यायची नाही, आधी ग्लास हातात धरून वास घ्यायचा. दहा मिनिटांत वास बदलत जातो. आधी सुकी फळं, मग अक्रोड, मग पावसाळ्यात जंगलात येतो तसला ओलसर, मशरूमसारखा वास. या शेवटच्या वासाला तिकडे रांसियो म्हणतात, आणि तो यायला बरीच वर्षं जावी लागतात. वासाचं सगळं ठीक, पण मला त्यात आणखी काही वाटलं, ते मोहाचं.

आमच्याकडे घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी भागात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं खाली पडतात. गोंड आणि कोलाम कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फूल मांसल आणि गोड असतं, वाळवलं की मनुक्यासारखं दिसतं. त्यात साखर भरपूर. म्हणून दारू होते, पण फूल भाजून, भाकरीत घालून खाल्लंही जातं. दुष्काळात लोकांनी याच्यावर दिवस काढलेत.

आता गोष्ट जुळवू. १८७० च्या दशकात फिलोक्सेरा नावाचा किडा शारांतमध्ये पोचला. अमेरिकेतून आलेला हा बारका किडा वेलीची मुळं खातो. तिथे सुमारे २ लाख ८० हजार हेक्टर द्राक्षं होती, १८९३ पर्यंत ४० हजारांच्या आसपास उरली. द्राक्ष नाही, पण दारूची मागणी तशीच. मग बीट, बटाटा, धान्य, जे मिळेल त्याची दारू निघू लागली. आणि १८८० च्या दशकात मुंबई बंदरातून मोहाची वाळलेली फुलं जहाजानं फ्रान्सला जायला लागली. तिथे त्यांची दारू गाळली गेली. त्यात आमच्या भागातलं फूल किती होतं हा मुद्दाच नाही. मुद्दा हा, की ज्या फुलाला इथं रानटी लोकांचं म्हणून नाकं मुरडायचे, ते युरोपच्या भट्टीत चालत होतं.

आणि इकडे? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. भट्ट्या बंद झाल्या, गाळप उरणसारख्या ठिकाणी ठेकेदारांच्या हातात गेलं. तरी घरोघरी दारू निघायचीच, म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा केला. ठाणे-कुलाबा भागात नुसती फुलं जवळ बाळगण्यावर निर्बंध! वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, पण पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांवरचे नियम आपल्याकडेही आले. फ्रान्सनं काय केलं? १ मे १९०९ ला कोन्याकचा प्रदेश कायद्यानं आखून दिला, म्हणजे बाहेरच्या कुणी ते नाव वापरायचं नाही.

मला इथं खरा फरक दिसतो. लोक विचारतात, मोहाची दारू मुरवलेली का मिळत नाही? अहो, मुरवायला ती वीस वर्षं उघडपणे ठेवावी लागते. जी रात्री गाळून सकाळपर्यंत संपवायची, नाहीतर पोलीस येतील, ती मुरणार कधी? त्यात चव नव्हती असं नाही, त्यात वेळ घालायची मुभा नव्हती.

आता एक अडचणीची बाजू. आमच्याच जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत. शेजारचा वर्धा तर कधीपासून कोरडा जिल्हा आहे. नवऱ्याची मजुरी भट्टीवर जाते, मार घरी येतो, हे त्यांना कुठल्या पॉडकास्टनं सांगायची गरज नाही. 'वारसा' असा शब्द वापरून त्यांचं म्हणणं मोडीत काढणं मला पटत नाही. पण फूल वेचणारी बाई आणि भट्टीवर पैसे उडवणारा माणूस यांना एकाच कलमात बसवणंही पटत नाही.

थोडं बदलतंय. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी मध्य प्रदेशनं मोहाची दारू हेरिटेज म्हणून विकायची घोषणा केली. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच जीआय मिळालाय. आपल्याकडे फूल आता घरात ठेवता येतं, विकता येतं. घरी गाळली की मात्र आजही गुन्हा. म्हणजे व्यापारी फूल घेणार, भट्टी दुसऱ्या कुणाची, लेबल तिसऱ्याचं, आणि पहाटे चारला टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या हातात किलोचा भाव.