पंतसचिवांचे बेट

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी हा एक. आणि माळावर किंवा ओढ्याच्या काठी एकाच मुळावर दाटून उगवलेला, शेजारच्या रानाशी संबंध न ठेवणारा कळकांचा झुबका हा दुसरा. मावळातला माणूस समुद्र क्वचितच पाहतो, म्हणून त्याच्या तोंडी हा दुसराच अर्थ अधिक असतो. भोर संस्थानाचा नकाशा समोर घेऊन बसले की मला हा दुसरा अर्थ आठवतो. भोवताली इंग्रजांचा खालसा मुलूख पसरलेला, आणि त्यात पुणे, सातारा व कुलाबा या तीन जिल्ह्यांच्या कडांना बिलगलेले, सह्याद्रीच्या कण्यावर आडवेतिडवे वाढलेले ९२५ चौरस मैलांचे हे बेट. १९०१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १,३७,२६८ भरली, आणि ती चारशे ऐंशीहून अधिक गावांत विभागलेली होती. म्हणजे गाव म्हणायचे ते बहुतेक ठिकाणी डोंगराच्या सोंडेवर बसलेली पाचपंचवीस घरे एवढेच.

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून कापूरहोळास यावे आणि तेथून पश्चिमेस वळावे, की हा मुलूख सुरू होतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांनी डोंगर पोखरून जी खोरी केली, त्यांनाच हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानद मावळ अशी जुनी नावे आहेत. आणि त्या खोऱ्यांच्या माथ्यांवर रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड, राजगड, तोरणा हे किल्ले चौकीदारासारखे उभे आहेत. यांपैकी तोरणा हा आजच्या पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड; समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६०० फूट. पलीकडे कोकणात उतरायचे तर वरंध, मढे, उपांड्या, शेवत्या असे घाट, आणि त्यांतला वरंध सोडला तर बाकीच्यांतून बैलदेखील जपूनच उतरवावा लागे. पावसाळ्याचे चार महिने या घाटवाटा बंद, ओढ्यांना उतार नाही आणि धुक्याने पलीकडची वाडी दिसत नाही, अशा स्थितीत वेल्ह्याच्या पश्चिमेकडील गावकऱ्याला समुद्रातल्या बेटावरच्या कोळ्याइतकेच एकटेपण वाट्याला येत असे.

हे बेट तलवारीने निर्माण झाले अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि मावळातल्या जेधे, बांदल, सिलिंबकर, खोपडे या देशमुखांच्या घराण्यांकडे पाहिले तर ती खोटीही नाही. परंतु संस्थान म्हणून जे उरले ते एका दप्तरातून उरले. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव हा जो प्रधान, त्याचे फारसी नाव सुरनीस. राजपत्रे शोधावी, कमीजास्त मजकूर दुरुस्त करावा, महाल-परगण्यांचा हिशेब पाहावा, हे त्याचे काम. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात हे पद शंकराजी नारायण गांडेकर यांच्याकडे आले (त्यांच्या घराण्यातले या पदाचे धनी पुढे ‘पंतसचिव’ म्हणवले), आणि या कारकुनी पदाच्या धन्याने लेखणीबरोबर तलवारही चालवली. औरंगजेबाने १७०३–०४ मध्ये सिंहगड, राजगड आणि तोरणा घेऊन त्यांना आपल्या पसंतीची मुसलमानी नावे दिली होती. हे किल्ले परत मिळवण्याच्या खटपटीत शंकराजींचा वाटा मोठा होता. पुढे १७०७ साली शाहू महाराज दक्षिणेत आले आणि ताराबाईंना दिलेली शपथ एकीकडे, गादीचा हक्कदार दुसरीकडे, असा पेच पडला. तेव्हा शंकराजींनी भोरजवळ अंबवडे येथे स्वतःच्या हाताने प्राण त्यागले. त्यांची समाधी तेथेच आहे. राजकारणात बाजू बदलणे ज्या काळी मीठभाकरीइतके नित्याचे झाले होते, त्या काळातला हा प्रसंग आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे वजन कळते.

यानंतर भोरच्या इतिहासाला जे वळण लागले ते देण्याचे. शंकराजींचे चिरंजीव नारो शंकर हे दमाजी थोराताच्या कैदेत सापडले. पेशवे बाळाजी विश्वनाथांनी खटपट करून त्यांची सुटका करवली, आणि त्या उपकाराच्या भरपाईत सचिवांच्या मातुश्रींनी पुरंदर किल्ला आणि पुणे प्रांतातील आपले हक्क बाळाजीपंतांच्या हवाली केले. पुढच्या पिढीत, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी सिंहगड मागितला आणि त्याच्या बदल्यात तुंग व तिकोना हे पवन मावळातले किल्ले दिले. संस्थानाच्या नकाशात मुख्य मुलखापासून बाजूला पडलेला जो पवन मावळचा तुकडा दिसतो, त्याचा उलगडा या अदलाबदलीत आहे. पुण्याची मोक्याची जागा, पुरंदर आणि सिंहगड अशी तीन रत्ने पेशव्यांच्या पदरी गेली आणि पंतसचिवांकडे राहिला तो डोंगराचा निखळ गाभा. पेशवाईचे वैभव ज्या पायावर उभे राहिले त्यातले काही दगड भोरच्या वाड्यातून गेले आहेत, ही गोष्ट पुण्याचा अभिमान बाळगणारे सहसा उच्चारीत नाहीत.

आणि तरीही पंतसचिव दरिद्री झाले नाहीत, कारण त्यांचे खरे उत्पन्न जमिनीत नव्हते. मराठी राज्याची चौथाई वसूल झाली म्हणजे तिच्यातील चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून राजाचा. उरलेल्या मोकाशातून एकूण चौथाईवर शेकडा सहा प्रमाणे ‘सहोत्रा’ हा पंतसचिवांना आणि शेकडा तीन ‘नाडगौंडा’ म्हणून आणखी कोणाला, अशी शाहू महाराजांच्या काळची वाटणी आहे. हिशेब करून पाहावा: एखाद्या गावाचा आकार हजार रुपये असला तर चौथाई अडीचशे, आणि तिचा सहोत्रा पंधरा. पंधरा रुपये म्हणजे काय मोठी गोष्ट, असे कोणी म्हणेल. पण ज्या ज्या मुलखातून चौथाई येत असे तेथून हे पंधरा-पंधरा रुपये भोरकडे झिरपत, आणि त्यासाठी पंतसचिवांना एकही घोडा पोसावा लागत नसे. दुर्गम जागी बसून दूरच्या मुलखाच्या उत्पन्नावर जगणे ही बेटांची जुनी युक्ती आहे.

पेशवाई बुडाल्यावर १८२० साली इंग्रजांनी पंतसचिवांशी स्वतंत्र तह केला आणि साताऱ्याच्या छत्रपतींचे मांडलिक म्हणून त्यांना ठेवले. १८४९ मध्ये सातारा खालसा झाले तेव्हा औंध, फलटण, अक्कलकोट, जत यांच्याबरोबर भोरचा संबंध थेट कंपनी सरकारशी जोडला गेला. भोरवर राजकीय देखरेख पुण्याच्या कलेक्टराची असे, आणि त्या देखरेखीखाली एक लहानसे पण पुरते राज्य चालत होते. त्याचे पाच तालुके होते आणि त्यांची नावे किल्ल्यांवरून व मावळावरून पडलेली होती: विचित्रगड (म्हणजे रोहिडा), राजगड, प्रचंडगड (म्हणजे तोरणा), पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. सुधागड तालुक्यातच पालीचे बल्लाळेश्वर येतात, आणि गडावर पंतसचिवांची कुलदेवता भोराई विराजते. म्हणजे आपल्या कुलदेवतेच्या दर्शनाला जायचे तर संस्थानच्या अधिपतीला सवाष्णीच्या घाटासारखी वाट उतरून कोकणात जावे लागे किंवा मोठा वळसा घालावा लागे. इतक्या अडचणीच्या जागी देवी ठेवणाऱ्या घराण्याला राज्य सोयीचे करण्याची फारशी हौस नसावी, असे मला कधी कधी वाटते.

प्रत्येक तालुक्याला मामलेदार किंवा महालकरी, वर हुजूर कचेरी, तिच्या डोक्यावर कारभारी, आणि सर्वांच्या वर भोरच्या वाड्यात पंतसचिव, अशी ही उतरंड. आज चित्रपटवाल्यांमुळे सर्वांना परिचित झालेला तो वाडा १८६९ चा. त्याचे लाकडी खांब, चौक आणि उंच जोती पाहिली की या राज्याच्या खर्चाची आणि हौसेची कल्पना येते. पण राज्याच्या आत्मप्रतिष्ठेची सर्वांत लहान आणि सर्वांत स्पष्ट खूण वाड्यात नाही. ती एका कागदाच्या कपट्यावर आहे. १८७९ साली भोरने स्वतःची टपाल तिकिटे काढली: अर्ध्या आण्याचे लंबवर्तुळाकार, एका आण्याचे चौकोनी, दोन्ही गडद तांबड्या शाईची, हातशिक्क्याने एकेक उठवलेली आणि कडेला भोके नसलेली, त्यामुळे कातरीने कापून घ्यावी लागणारी. कोणा कारकुनाने शिक्का शाईत बुडवून कागदावर दाबावा, तो किंचित तिरका बसावा, आणि तेच राज्याचे अधिकृत टपाल व्हावे! संस्थानच्या सीमेपलीकडे त्या तिकिटाला काही किंमत नव्हती. नंतर १९०१ मध्ये अर्ध्या आण्याचे आणखी एक तिकीट निघाले, त्यावर पंतसचिव शंकररावांची छबी आहे. दक्षिण प्रशांत महासागरातले पिटकेर्न किंवा अटलांटिकमधले ट्रिस्टन द कुन्हा यांच्यासारखी मूठभर वस्तीची बेटे पुढे विसाव्या शतकात टपाल तिकिटे संग्राहकांना विकून आपला खर्च भागवू लागली. भोरला ती युक्ती सुचली नाही, पण ती तिकिटे आज संग्राहकांच्या वह्यांतच अधिक सुरक्षित आहेत.

रयतेची गोष्ट मात्र तिकिटावर मावत नाही. खाचरात भात आणि डोंगर-उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, हेच येथले पीक. शिमगा झाला की झाडांची टहाळे तोडून, शेण-पाला पसरून राब भाजायचा; रोहिणीचा पाऊस पडला की त्याच राखेत रोपे टाकायची; आवण तयार झाले की गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले घेऊन, वाकून लावणी करायची. आंबेमोहर शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जातो असा या खोऱ्यांचा लौकिक. पण तो तांदूळ बाजारात जाई, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात नाचणीची भाकरी येई. राबासाठी टहाळे तोडण्याचा हक्क, जंगलातला हिरडा, गुरांची चराई, या तीन गोष्टींवरून सरकार आणि रयत यांच्यात जी तक्रार चाले ती घाटावरच्या कोणत्याही डोंगरी मुलखात चालतच असे. १९२१ मध्ये पुण्यात दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा स्थापन झाली आणि लहानमोठ्या संस्थानांच्या प्रजेला आपले गाऱ्हाणे मांडायला एक चावडी मिळाली. तोवर वेल्ह्याचा तरुण मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत जाऊन पोचला होता. मनीऑर्डर ही या खोऱ्यांची खरी आयात आणि माणूस ही खरी निर्यात.

दुसरी निर्यात पाण्याची. वेळवंडीवर भाटघर येथे इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले दगडी धरण बांधले आणि त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचे नाव दिले. ते अपुरे पडले म्हणून त्याच्या पुढे नवे धरण बांधण्यात आले, आणि १९२८ साली मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर लॉईड यांचे नाव धारण करून ते उभे राहिले. या धरणाची गंमत, किंवा विपरीतता, अशी की ते भोर संस्थानात आहे आणि त्याचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या मुलखाला जाते. वालचंदनगरसारखे साखर कारखाने त्या पाण्यावर उभे राहिले. उसाचे फड, गुऱ्हाळे आणि ओलिताची श्रीमंती तिकडे फळफळली. संस्थानच्या वाट्याला बुडीत आले. सुमारे २३ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या त्या तलावाखाली खोऱ्याच्या तळाशी असलेली उत्तम भातखाचरे गेली आणि गावे उतारावर चढली, जेथे जमीन वरकसच होती. पुरंदर आणि सिंहगड देऊन टाकणाऱ्या या मुलखाने आता नदीही दिली. फरक एवढाच की या वेळी बदल्यात तुंग-तिकोन्यासारखे काही आले नाही.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे पंतसचिव रघुनाथराव यांचे नाव आज भोरच्या विद्यालयाला आहे. विलीनीकरणानंतर पाच तालुक्यांचे तुकडे पूर्वी ज्या जिल्ह्यांच्या कडेला लागून होते त्यांत विरघळले; सुधागड कुलाब्यात गेला, भोर हा पुणे जिल्ह्याचा तालुका झाला, आणि तोरणा-राजगडाचा मुलूख वेल्हे हा महाल व पुढे तालुका झाला, ज्याचे नाव अलीकडे शासनाने बदलून पुन्हा राजगड केले आहे. पाण्याची निर्यात मात्र थांबली नाही: पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर अशी धरणे याच डोंगरांच्या कुशीत एकामागून एक झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या पेशवेकालीन पेठांतले वाडे ज्या लोंढ्यात वाहून गेले तो वेल्ह्याच्याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचा होता.

भाटघरच्या तलावात पावसाळ्यानंतर जुन्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहतात आणि संस्थान असताना ज्या अर्थाने हा मुलूख बेट नव्हता त्या अर्थाने तो थोडासा बेट होतो. मे महिन्यात पाणी खाली गेले म्हणजे कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने देऊळ चिखलातून बाहेर येते. बांधणी दगडी आहे, आणि वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली राहूनही ते शिळेसारखे उभे आहे. आसपासची माणसे घमेली-फावडी घेऊन जातात, गाभाऱ्यातला गाळ उपसतात, पिंडीला पाणी घालतात, एखादा नारळ फोडतात. मग रोहिणी लागते, पश्चिमेला तोरण्यावर ढग चढतात, आणि देवळाच्या पायरीपर्यंत पाणी येण्याआधी ती माणसे राबाच्या कामाला वर निघून जातात.