पाखरांच्या वाटणीचे पाणी

पानिपतचा विषय निघाला की सूरजमल जाटाचे नाव मराठी माणसाच्या बोलण्यात येतेच. १७५४ साली कुम्हेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले ते याच सूरजमलाच्या तोफखान्यापुढे. आणि सातच वर्षांनी, १७६१च्या जानेवारीत, पानिपतावरून उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नसलेले मराठे परतू लागले तेव्हा त्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला तोही याच सूरजमलाने. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनाही त्याच्याच मुलखात संरक्षण मिळाले.

मी भरतपूरला पहिल्यांदा गेलो तो या ओढीने. लोहगड पाहायचा होता, डीगचे महाल पाहायचे होते. पाखरांतले मला फारसे कळत नव्हते; आजही बदकांच्या दोन जाती शेजारी पोहत असतील तर मी दुसऱ्याला विचारतो. पण गावाला लागूनच असलेले ‘घना’ पाहिल्याशिवाय जाऊ नका, असे सायकलरिक्षावाल्याने बजावले आणि तो मला आत घेऊन गेला. केवलादेव महादेवाच्या देवळाजवळ त्याने रिक्षा थांबवली आणि दगडात कोरलेल्या पाट्यांकडे बोट दाखवले. त्या पाट्या शिकारीच्या होत्या. तारीख, पाहुण्याचे नाव, किती बंदुका, किती पाखरे. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीपुढे आकडा होता ४,२७३.

तो आकडा वाचून कुणालाही आधी चीड येते. मलाही आली. नंतर मात्र एक साधा प्रश्न मनात राहिला. राजस्थानच्या या कोरड्या कडेला एका दिवसात चार हजारांवर पाखरे मारता यावीत, इतकी पाखरे मुळात आली कुठून? उत्तर अर्थातच पाण्यात होते. मग दुसरा प्रश्न आला: हे पाणी आणले कुणी, आणि त्याचा खर्च कुणी सोसला? गेली काही वर्षे मी फावल्या वेळात या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे आहे.

बंधाऱ्याच्या वाटेवर

भरतपूर एका खोलगट बशीत वसले आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्या पावसाळ्यात याच बाजूला पसरत आणि गावात पाणी शिरे. त्यावर अजान बांध घातला गेला. परंपरा त्याचे श्रेय सूरजमलाला देते. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच भिंत आणि खोल जलाशय येतो. अजान बांध तसा नव्हे. तो पुराचे पाणी अडवून उथळपणे शेतांवर पसरवी. पावसाळाभर ते जमिनीत मुरे, गाळ बसे. रब्बीच्या तोंडाला पाणी सोडून दिले की त्याच ओल्या जमिनीत गहू, मोहरी पेरली जाई. गाव बुडण्यापासून वाचे आणि शेत पिके, अशी ही दुहेरी सोय.

याच व्यवस्थेतून पाण्याचा एक वाटा गावाच्या आग्नेयेच्या सखल जंगलात जाई. झाडी दाट म्हणून त्याचे नाव घना. पुराच्या पाण्याबरोबर माशांची असंख्य पिल्लेही वाहत येत. बगळे, करकोचे, पाणकावळे यांच्या वीण-वसाहती त्यांवर पोसल्या जात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना तयार तळी मिळत. पाखरांसाठी म्हणून कुणी वेगळा पैसा खर्च केला नव्हता. माणसाच्या गरजेच्या वाटेवर त्यांचा वाटा होता, एवढेच.

शिकारीसाठी राखलेले पाणी

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चित्र बदलले. संस्थानाच्या कारभाराशी संबंध असलेले मोरवीचे हरभमजी इंग्लंडमधली बदकांच्या शिकारीची तळी पाहून आले होते. घन्यात तसे काही करावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. लहान बांध, कालवे, दारे बांधून सखल भागाचे अनेक कप्पे पाडले गेले आणि हव्या त्या कप्प्यात हवे तितके पाणी ठेवण्याची सोय झाली. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत शिकारीला प्रारंभ झाला.

आता पाण्याला मालक मिळाला. खर्च दरबारी खजिन्याचा, दारे उघडणारी माणसे दरबारची, आणि पाणी कमी पडले तर जाब विचारणारा खुद्द महाराजा. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी घन्यात चरत, गावकरी गवत आणि सरपण नेत. मारण्यासाठी का होईना, पण पाखरांच्या पाण्याची निगा दरसाल होत होती. हे लिहिताना संकोच वाटतो, पण इतिहास लिहायचा तर हे टाळून चालणार नाही.

भिंतीच्या आत

स्वातंत्र्यानंतर घन्यातले पाणी काढून तिथे शेती करावी, अशी मागणी पुढे आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत विषय नेला आणि घना वाचला. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत टिकून होता. १९८१ साली रामसर यादीत नाव आले, त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि १९८५ साली घना जागतिक वारसास्थळ ठरले.

दर्जा चढत गेला तसे गाव बाहेर ढकलले गेले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राभोवती दगडी भिंत उभी राहिली. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये चराई पूर्ण बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पाखरांच्या नावावर माणसांचे रक्त सांडले, हे भरतपूरची गावे विसरलेली नाहीत.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८०च्या दशकात इथे दीर्घ अभ्यास केला. त्यात दिसले की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांची गैरसोय झाली. म्हशी खाऊन-खाऊन, तुडवून पाणी मोकळे ठेवत होत्या. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले, ते पाणवठ्याचे बिनपगारी राखणदार होते.

पांचनाचे दार

खरा घाव मात्र वरून आला. गंभीर नदीवर करौलीजवळ पांचना धरण बांधले गेले. २००४च्या सुमारास पाणी खाली सोडायचे की नाही यावरून पेच उभा राहिला. करौलीचे शेतकरी म्हणाले, आमच्या रानात पाणी नाही आणि तुम्ही ते बदकांना देता? सरकारने शेतकऱ्यांचे ऐकले. घन्याला वर्षाला सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते. त्यातला अगदी नगण्य भाग पोचला. तळी फुटक्या मातीची झाली. वीण-वसाहती ओस पडल्या. १९६०च्या दशकात इथे दोनशेच्या आसपास येणारे सायबेरियन क्रौंच २००२नंतर आलेच नाहीत. त्यामागे त्यांच्या दूरच्या वाटेवरची शिकारही होती, सगळा दोष भरतपूरचा नाही. पण परतायला तळेही उरले नव्हते.

विशेष म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२च्या दुरुस्तीने राष्ट्रीय उद्यानात येणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवायला वा थांबवायला मनाई केली होती. कायदा कागदावर होता, पाणी करौलीत. करौलीच्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या तहानेला मत होते, खासदार-आमदार होते. अजान बांधाखालच्या रब्बीवाल्यांचे आणि घन्याचे पाणी एकच होते, पण भिंतीने त्यांना आधीच वेगळे केले होते. ‘आमच्या पाखरांचे पाणी’ म्हणून रस्त्यावर उतरणारे भिंतीबाहेर फार कुणी उरले नव्हते.

नळाने आलेला पूर

जागतिक वारशाच्या यादीतील स्थान धोक्यात येते की काय, अशी चर्चा सुरू झाल्यावर पैसा हलला. उत्तर प्रदेशाकडून येणाऱ्या गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी सुमारे १७ किलोमीटरच्या जलवाहिनीने घन्यात आणण्याची योजना झाली. त्यासाठी सुमारे ५६ कोटी रुपये केंद्राकडून मंजूर झाले. चंबळच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतूनही वाटा ठरला. पाणी आले आणि पाखरेही बऱ्याच अंशी परतली. हे यश मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही.

पण नळाचे पाणी आणि पुराचे पाणी एक नव्हे. नदीच्या पुराबरोबर माशांची पिल्ले, बिया, गाळ येतो. पिण्याच्या पाण्याच्या नळातून त्यांतले काही येत नाही. नाल्याच्या पाण्यात शेतांतले आणि वस्त्यांतले काय-काय मिसळून येते, यावर कायम लक्ष ठेवावे लागते. पूर फुकट येत होता. पंपाला वीजबिल येते, वाहिनीला दुरुस्ती लागते. योजना बांधायला पैसा एकदा मिळतो, उद्घाटनाची पाटी लागते. ती चालवायला पैसा दरसाल लागतो, आणि त्याची पाटी कुठेच लागत नाही.

हे दुखणे एकट्या भरतपूरचे नाही. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहावेत. कोहळी समाजाने ते भातासाठी बांधले, गावाने राखले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढणारा हात मागे पडला. गोंदियातले सारस आजही याच तलावांच्या आणि बांध्यांच्या आधाराने जगतात. म्हणजे त्यांचे भवितव्य एका शेतकी व्यवस्थेच्या दुरुस्तीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात जंगलात टँकरने भरलेल्या सिमेंटच्या टाक्या जनावराची त्या दिवसाची तहान भागवतात. टँकर थांबला की टाकी कोरडी.

भरतपूरच्या दुष्काळी वर्षांतली एक गोष्ट मात्र मला आशा देते. तळी सुकल्यावर विलायती बाभळीने घना व्यापला होता. ती काढायला पैसा अपुरा होता, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांना आत येऊन ती मुळासकट काढायची आणि लाकूड घरी न्यायची मुभा दिली गेली. १९८२ साली ज्यांच्यावर दार बंद झाले होते, त्यांच्याच गावांनी मोठे क्षेत्र मोकळे केले. खर्च वाचला तो वेगळाच. भिंतीतले एक दार पुन्हा उघडले.

सूरजमलाच्या बांधाने पाखरांना दान म्हणून पाणी दिले नव्हते. ते गावाच्या, शेताच्या, गुरांच्या हिशेबातच त्यांच्या वाट्याला आले होते. आज आपण वन्यप्राण्यांचे पाणी वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या निधीतून मागतो, आणि टंचाई आली की पहिली कात्री त्याच शीर्षाला लागते. निधी हवाच. पण त्या पाण्यात शेजारच्या गावाचाही वाटा असेल, तरच ते तुटल्यावर गाव ओरडेल. पाखरांना तर ओरडून मागता येत नाही. ती फक्त यायची थांबतात.