फुफ्फुसांतला रक्तदाब

1889 साली हैदराबादेत शेकडो प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन एक प्रश्न तपासण्यात आला : आधी श्वास थांबतो की हृदय? रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या समितीसाठी निजामाने द्रव्य दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले. अनेक प्राण्यांच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा दाब फिरत्या कागदावर उतरवला गेला. श्वासच आधी थांबतो, असा निर्वाळा समितीने दिला. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की, क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते.

समितीने नोंदवला तो शरीरभर रक्त नेणाऱ्या धमन्यांतला दाब. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांत जाणाऱ्या धमनीचा दाब निराळा आणि पुष्कळ कमी असतो. तो वाढला तरी दंडावरच्या पट्ट्याला पत्ता लागत नाही. जिना चढताना धाप लागणारी बाई वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहते, ती अशामुळेच.

माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवली ती वेर्नर फोर्समान या जर्मन तरुणाने. 1929 साली त्याने स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढवून घेतले! वेडे धाडसच ते. 1956 मध्ये कूर्नान व रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

व्याख्या ठरण्यास एक अनर्थ कारण झाला. अमिनोरेक्स या भूक मारणाऱ्या औषधामुळे 1960 नंतरच्या दशकात युरोपात हा विकार फैलावला. म्हणून 1973 मध्ये जिनीव्हास तज्ज्ञ जमले. विश्रांतीत सरासरी दाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरहून अधिक तो विकार, असे ठरले. आकडा अंदाजाचाच होता. निरोगी माणसात हा दाब सुमारे 14 असतो असे दिसून आल्यावर 2018 मध्ये मर्यादा 20 वर आणण्याची सूचना झाली, व 2022 च्या युरोपीय नियमांनी ती स्वीकारली.

आज आधी ध्वनिलहरींनी, म्हणजे 'इको'ने अंदाज घेतात. निश्चिती मात्र नळीनेच. तीच नळी आणखी पुढे सरकवली की दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा की फुफ्फुसधमन्यांचा, हेही उमगते. आपल्याकडे सांध्यांच्या तापाने झडप अरुंद झालेले रोगी पुष्कळ. त्यांची झडप रुंद करावी लागते. धमन्या सैल करणारी औषधे दिल्यास फुफ्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो.