पवनविद्युत निर्माण करणाऱ्या निवासी इमारती

पवनविद्युत निर्माण करणाऱ्या निवासी इमारती : राहत्या इमारतीच्या रचनेत किंवा तिच्या आवारात पवनचक्की सामावून घेऊन तिथल्याच वापरासाठी वीज निर्माण करण्याची पद्धत. तयार इमारतीच्या गच्चीवर किंवा भिंतीला टर्बाइन बसवणे, वारा टर्बाइनकडे वळेल असा इमारतीचा आकारच ठरवणे आणि घरापासून थोडे दूर स्वतंत्र मनोऱ्यावर टर्बाइन उभारणे हे तिचे तीन प्रकार. चर्चा सर्वांत जास्त झाली ती दुसऱ्या प्रकाराची. वीज भरवशाने मिळाली ती मात्र तिसऱ्यातून.

असे का, याचे उत्तर वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, निम्मा झाला की एक अष्टमांश उरते. त्यातही ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणत्याही टर्बाइनला काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. छोटी यंत्रे प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या आसपासच राहतात. ३ मीटर व्यासाचे टर्बाइन सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे १,३०० वॉट देते, ५ मीटर वेगात १६० वॉट आणि ३ मीटर वेगात जेमतेम ३५ वॉट. यंत्रावर छापलेली क्षमता बहुधा ११-१२ मीटर वेगाची असते. शहरी गच्चीवर तसा वारा वर्षातले थोडेच तास वाहतो.

दुसरी अडचण प्रवाहाची. वारा इमारतीच्या कडेवर आदळला की गच्चीपासून सुटून वर उचलला जातो आणि त्याच्या खाली, नेमका गच्चीच्या पृष्ठालगत, उलटसुलट फिरणाऱ्या हवेचा थर तयार होतो. कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी यांनी हा गोंधळ वाढतो. अशा हवेत पाती सतत दिशा शोधत राहतात, वीज कमी देतात आणि लवकर झिजतात. मोकळ्या जागेसाठी जुना ठोकताळा असा, की १५० मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पात्यांचे खालचे टोक किमान ९ मीटर वर हवे. बांधलेल्या वस्तीत हा ठोकताळा पाळणे जवळपास अशक्य आहे.

पूर्वेतिहास : विजेने उजळलेले पहिले पवनघर स्कॉटलंडमधील मेरीकर्क गावी होते. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये आपल्या सुटीतील घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली, तिची वीज विद्युत्‌संचायकांत साठवली आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज गावाच्या मुख्य रस्त्यासाठी देऊ केली असता गावकऱ्यांनी ती सैतानी करणी म्हणून नाकारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश यांनी आपल्या बंगल्याच्या परसात १७ मीटर व्यासाची, १४४ लाकडी पात्यांची आणि १२ किलोवॉट क्षमतेची पवनचक्की बांधली. ती सुमारे वीस वर्षे चालली. दोघांनीही यंत्र घराच्या छपरावर चढवले नाही, मोकळ्या जागेत उभे केले, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत अनेक वास्तुविशारदांच्या नजरेतून निसटली.

स्ट्राटा : निवासी इमारतीत टर्बाइन अंगभूत करण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात झाला. २०१० मध्ये पूर्ण झालेली ‘स्ट्राटा एसई१’ ही १४८ मीटर उंच, ४३ मजल्यांची, ४०८ सदनिकांची इमारत बीएफएलएस या वास्तुसंस्थेने रचली. तिचा माथा तिरपा कापलेला असून त्यात तीन मोठी गोल भोके आहेत आणि प्रत्येकात ९ मीटर व्यासाचे, १९ किलोवॉटचे टर्बाइन आहे. भोकांच्या कडा गोलाकार केल्याने त्यांतून जाणारा वारा वेग घेईल, अशी मांडणी. आवाज कमी राहावा म्हणून नेहमीच्या तीनऐवजी पाच पाती घेतली आणि कंप खाली उतरू नये म्हणून यंत्रांखाली कंपशोषक बसवले.

अपेक्षित उत्पादन वर्षाला ५० मेगावॉट-तास म्हणजे ५०,००० युनिट होते; इमारतीच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ८ टक्के. हा आकडा जरा उलगडून पाहावा. ५०,००० युनिट ४०८ सदनिकांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला जेमतेम दहा युनिट येतात. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे घडले असते तरी या टर्बाइनांनी रहिवाशांच्या बिलावर फारसा फरक पडला नसता. प्रत्यक्षात टर्बाइन बहुतेक वेळ थांबलेलीच दिसतात, असे लंडनच्या वृत्तपत्रांनी वारंवार नोंदवले. ‘बिल्डिंग डिझाइन’ नियतकालिकाने २०१० मध्ये ब्रिटनमधील सर्वांत कुरूप नव्या इमारतीचा ‘कार्बंकल कप’ स्ट्राटाला दिला. त्या टीकेत सौंदर्याचा मुद्दा होता. अभियांत्रिकीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. भोकात बसवलेले टर्बाइन वाऱ्याकडे तोंड वळवू शकत नाही. शिवाय अडथळ्यातून जाण्यापेक्षा त्याला वळसा घालून जाणे वाऱ्याला सोपे असते. नळीत कोंडलेल्या पाण्यासारखा तो निमूटपणे अरुंद वाटेने जात नाही.

याच्या तुलनेत बहारीनमधील वर्ल्ड ट्रेड सेंटर (२००८) अभ्यासण्याजोगे आहे, जरी ते कार्यालयांचे संकुल असले तरी. अॅटकिन्स या संस्थेने रचलेल्या २४० मीटर उंच जोडमनोऱ्यांमध्ये तीन पुलांवर २९ मीटर व्यासाची, प्रत्येकी २२५ किलोवॉटची टर्बाइन आहेत. मनोऱ्यांचा शिडासारखा आकार समुद्रावरून येणारा वारा वळवून टर्बाइनवर जवळपास काटकोनात आणतो. वाऱ्याची दिशा बरीच ठरलेली, समोर खुले आखात आणि पाती मोठी, या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या. लंडनच्या दाट वस्तीत त्यांपैकी एकही नव्हती.

मोजणीचा धडा : इमारतींवरील छोट्या टर्बाइनांची सर्वांत प्रामाणिक परीक्षा इंग्लंडमधील ‘वॉरिक विंड ट्रायल्स’मध्ये झाली. एन्क्राफ्ट या सल्लागार संस्थेने पाच उत्पादकांची २६ टर्बाइन घरांवर आणि इमारतींवर बसवून त्यांचे उत्पादन मोजले आणि २००९ च्या आरंभी अहवाल दिला. बंद राहिलेले दिवस धरून एका टर्बाइनचे सरासरी उत्पादन दिवसाला २१४ वॉट-तास निघाले, म्हणजे पाव युनिटही नाही. बंद काळ वगळला तरी ते ६२८ वॉट-तासांपलीकडे गेले नाही. काही ठिकाणी इन्व्हर्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक भागांनीच टर्बाइनच्या उत्पादनाहून अधिक वीज खाल्ली. तुलनेसाठी, महाराष्ट्रात गच्चीवरचे १ किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतात आणि त्यांत फिरणारा एकही भाग नसतो.

या चाचणीतील एक निष्कर्ष निवासी रचनेच्या दृष्टीने कळीचा आहे. उंच सदनिका-इमारतींच्या माथ्यावरची टर्बाइन इतरांपेक्षा पुष्कळ चांगली चालली, कारण तिथे वारा खरोखर होता. पण रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या आणि हीच यंत्रे बंद ठेवावी लागली. पात्यांची थरथर मनोऱ्यातून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत उतरते. रात्री इतर आवाज थांबले की ती गुणगुण अधिक जाणवते. कार्यालय रात्री रिकामे असते, घरात माणसे झोपलेली असतात. निवासी इमारतीवर टर्बाइन बसवताना हा फरक पहिल्या आराखड्यातच धरला पाहिजे, आणि तो बहुधा धरला जात नाही.

अमेरिकी लेखक-संपादक अॅलेक्स विल्सन यांनी २००९ मध्येच इमारतीत टर्बाइन गुंतवण्याच्या कल्पनेवर सविस्तर टीका केली होती. त्याच सुमारास या कल्पनेचे आणखी दोन नमुने पुढे आले. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात ‘ट्वेल्व्ह वेस्ट’ (२००९) या सदनिका आणि कार्यालये असलेल्या इमारतीवर चार टर्बाइन उंच खांबांवर बसवली. तिच्या विजेतील त्यांचा अपेक्षित वाटा सुमारे १ टक्का होता. दुबईसाठी डेव्हिड फिशर यांनी २००८ मध्ये जाहीर केलेला, प्रत्येक मजला स्वतंत्र फिरणारा आणि दोन मजल्यांमध्ये आडवी टर्बाइन असलेला मनोरा कधीच बांधला गेला नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती : सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीचे पठार पवनचक्क्यांसाठी उत्तम ठरले, म्हणून पुण्या-मुंबईच्या गच्चीवरही तसाच वारा मिळेल असे नव्हे. मात्र इथे एक खरी अनुकूलता आहे. पावसाळ्यात ढगांमुळे सौर पॅनेलचे उत्पादन घटते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे नेमके तेव्हाच जोर धरतात. म्हणून छोटे टर्बाइन आणि सौर पॅनेल यांचे संकरित संच उपयोगी पडतात. महाऊर्जा या राज्याच्या संस्थेमार्फत असे संच बसवले गेले आणि देशातील अशा संचांत महाराष्ट्राचा वाटा मोठा राहिला. कोकणातील उघड्या डोंगरमाथ्यावरचे घर किंवा पठारावरची शाळा यांना त्यांचा लाभ अधिक.

शहरातील सोसायटीने गच्चीवर टर्बाइनचा विचार करताना दोन वेगळे वेग लक्षात घ्यावे लागतात. वीज किती मिळेल हे सरासरी वेगावर ठरते. तो किमान वर्षभर, टर्बाइनच्याच उंचीवर, वेगमापक बसवून मोजावा. इमारत आणि खांब टिकतील का हे वादळी झोतावर ठरते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ४ मीटर वेगाच्या रोजच्या वाऱ्याच्या मानाने ४४ मीटरच्या झोताचा भार सुमारे १२१ पट होतो. हा भार खांबाच्या पायथ्याशी, जलरोधक केलेल्या स्लॅबमध्ये रुतवलेल्या बोल्टांवर येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा पत्र्यांची असंख्य छपरे उडाली. त्यामुळे जुन्या इमारतीवर खांब उभारण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा दाखला आवश्यक ठरतो. नव्या इमारतीत खांबाचा भार थेट स्तंभांवर उतरेल अशी तरतूद आराखड्यातच करता येते आणि ती फारशी खर्चिकही नसते.