‘इमरोज’चा संपादक

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा धडा आला की आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. निजामी रियासतीची सरकारी जबान उर्दू. रझाकारांच्या तकरिरीही उर्दूतच. मग लोकांचे राज्य मागणाऱ्यांत उर्दूवाले कोण होते? राणीसावरगावसारख्या, निजामी अमलाखाली राहिलेल्या गावातल्या मुलांना याचे उत्तर मिळालेच पाहिजे.

उत्तर आहे शोएबुल्लाह खान. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. आधी त्यांनी ‘रय्यत’मध्ये काम केले. सरकारने तो अखबार बंद पाडला, तेव्हा १९४७ साली त्यांनी ‘इमरोज’ काढला. बुरगुला रामकृष्णराव यांचा त्यांना आधार होता. इमरोज म्हणजे आज. उद्यावर न ढकलता आजच जबाबदार राज्यपद्धती द्या, रियासत भारतात सामील करा आणि रझाकारांना आवरा, हे ते उघड लिहीत. अशीच मागणी करणारे सात मुस्लिम गृहस्थांचे निवेदन त्यांच्या पत्रात छापून आले. म्हणजे ते एकटे नव्हते.

२१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्या आतले. चार आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, निजामाची फौज शरण आली.

त्यांनी जे मागितले ते पुढे आले, पण पाहायला ते नव्हते. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला. जहागीरदार आणि त्याचा सालगडी, दोघांचे मत सारखेच. विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि तेच बुरगुला मुख्यमंत्री झाले. आमच्या परभणीने मात्र लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठवले. नव्या मतदाराला आपले मन होते.

याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ हजारांचा दिला. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. त्या दहशतीने आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लागले, आणि त्या खामोशीत शोएबुल्लाह खान यांचे नावही बुडाले. रझाकारांना मानणाऱ्यांना ते नको होते. सगळ्या मुसलमानांना रझाकार ठरवणाऱ्यांनाही ते अडचणीचेच.

आमच्या दृष्टीने ते नाव फार मोलाचे आहे. मतदानाच्या रांगेत उभा राहणारा मुसलमान कुणाच्या मेहरबानीने तिथे उभा नाही. त्या हक्काची किंमत उर्दूत लिहिणाऱ्या एका तरुणाने आधीच चुकती केली आहे. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा चढतो, तेव्हा हे मुलांना सांगणे आमचे कर्तव्य आहे.