आधी एसएमपीएस उचलून बघ: लॅमिंग्टन रोड, सीप्झ आणि आपल्या असेंबल्ड पीसीची गोष्ट

हेडफोन लावून लोकलच्या दारात उभे असाल तर जरा आत सरका, मग ऐका.

गेल्या महिन्याभरात मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "अरे, पीसी अपग्रेड करायचाय, आधी काय बदलू?" ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अख्ख्या मित्रमंडळींना जुने डबे आठवलेत. मी सॉफ्टवेअरवाला, हार्डवेअरचा डॉक्टर नाही, पण आमच्याकडे कोडिंग येणाऱ्याला प्रिंटरही दुरुस्त करता येतो अशी सगळ्यांची खात्री असते. तर उत्तर देतो. फक्त त्या आधी इतिहास सांगणार, कारण पार्ट निवडण्याबद्दल मला जे कळतं, ते मी एक मदरबोर्ड जाळून शिकलोय.

मुळात "पार्ट निवडायचा" हा पर्याय आपल्याकडे आला कुठून? टीव्हीचा पिक्चर चांगला नाही म्हणून आपण त्यातलं एक कार्ड काढून दुसरं नाही टाकत. याचं मूळ १९८१ मध्ये आहे. आयबीएमला पर्सनल कंप्युटर घाईने बाजारात आणायचा होता, साधारण वर्षभरात. सगळं घरी बनवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे पार्ट गोळा केले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची आणि फ्लॉपी ड्राइव्ह टंडन नावाच्या कंपनीचा. हो, टंडन. कॅलिफोर्नियातली कंपनी, काढणारा माणूस भारतीय वंशाचा, जुगी टंडन. आयबीएमकडे स्वतःचा असा मुख्य तुकडा एकच होता, बायोस. कॉम्पॅकने तो नव्याने लिहून काढला आणि १९८२ च्या शेवटी आयबीएमसारखाच चालणारा कंप्युटर जाहीर केला. त्यानंतर कोणीही पार्ट जोडून पीसी बनवू लागलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. तुमच्या कॅबिनेटमध्ये कुठल्याही कंपनीचा बोर्ड त्याच भोकांवर स्क्रूने बसतो, तो त्यामुळे.

आता टंडन हे नाव लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर अंधेरीला चला.

सीप्झ. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. नाव सांताक्रूझ, पत्ता अंधेरी ईस्ट. मुंबईत हे चालतं. १९७३ मध्ये सरकारने हा कुंपण घातलेला भाग सुरू केला. आत बनवायचं आणि बाहेरच्या देशात पाठवायचं, कस्टम्सची सूट घ्यायची. आत बनलेला माल गेटबाहेर मरोळच्या दुकानात विकायचा म्हटलं, तर परवानग्या आणि ड्युटी. टाटा बरोज ही सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक, तीही इथलीच, १९७७ पासूनची. आणि ऐंशीच्या दशकात टंडन समूहाच्या कारखान्यांमध्ये डिस्क ड्राइव्हचे भाग इथे बनायचे. म्हणजे जगभरच्या पीसीत बसणाऱ्या वस्तू जोगेश्वरी-मरोळच्या मुली हाताने जोडत होत्या. या लाइनवर बहुतेक बायकाच असायच्या.

त्यातली एक माझी आई. कंपनी वेगळी, नाव नको. १९८९ ते १९९४, लग्न होऊन मुलुंडला येईपर्यंत तिने सीप्झमध्ये बोर्डवर सोल्डरिंग केलं आणि शेवटची दोन वर्षं इन्स्पेक्शनला होती. पॉवर सप्लाय, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो, तेच तपासायची. गंमत बघा, पाच वर्षं कंप्युटरचे पार्ट हाताळले आणि चालू कंप्युटर समोरून पाहिला तो २००९ मध्ये, आमच्या घरी.

त्या काळात घरी पीसी घेणं म्हणजे काय होतं, ते थोडक्यात. १९८४ च्या नव्या कंप्युटर धोरणाने आयात थोडी सोपी केली, तरी ड्युटी भरमसाटच. १९९१ च्या बजेटमध्ये आयात शुल्काची कमाल मर्यादा दीडशे टक्क्यांवर "खाली" आणली, यावरून अंदाज घ्या. झेनिथसारख्या मुंबईच्याच कंपन्या पीसी विकत होत्या, पण ते ऑफिसला आणि बँकेला. घरापर्यंत पीसी आला तो १९९७ नंतर. त्या वर्षी भारताने आयटी करारावर सही केली आणि कंप्युटर, चिप, मेमरी अशा वस्तूंवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर नेली. ग्राहकाची त्यात चांदीच झाली. पण देशात पार्ट बनवू पाहणाऱ्यांचं कंबरडं मोडलं, असंही बरेच जण म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. तैवानहून आलेला बोर्ड जर शून्य ड्युटीने येत असेल, तर इथे कारखाना कोण टाकेल?

आलेला माल उतरायचा लॅमिंग्टन रोडला. कागदावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ मधले मुंबईचे गव्हर्नर. आधी हा रस्ता सिनेमाचा. 'शोले' पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा इथलंच, अप्सरा आणि नाझही इथेच. जोडीला रेडिओ, अँप्लिफायर, टीव्हीच्या सुट्या भागांची दुकानं. ज्याला कपॅसिटर विकता येतो त्याला रॅम विकायला कितीसा वेळ लागणार? नव्वदीत तीच गल्ली कंप्युटरची झाली.

मुलुंडहून तिथे जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, वेस्टर्नची स्लो पकडायची, ग्रँट रोड ईस्टला उतरायचं. पाच मिनिटं चाललात की पहिला आवाज येतो, "बॉस, क्या चाहिए?" दुसरा प्रश्न, "बजेट बोलो." तिसरा, "बिल के साथ या बिना?" कच्चं बिल घेतलं की टॅक्स वाचतो आणि वॉरंटीच्या वेळी आपण वाचत नाही.

आम्हा मुलुंडकरांना टॅक्स दिसायचाही. चेक नाक्यावर ट्रकची रांग असायची, कारण मुंबई महापालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात घ्यायची. मुलुंड, ऐरोली, दहिसर, मानखुर्द, सगळीकडे नाके. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. त्याआधी ऑनलाइन मागवलेल्या ग्राफिक कार्डाच्या किमतीत या नाक्याचाही वाटा होता.

आता माझा पीसी. २००९ मध्ये बाबांनी बोनसमधून आणलेला, त्या वर्षी लॅमिंग्टन रोडवर निम्म्या घरांसाठी जोडला जायचा तसाच. कोअर टू ड्युओ ई७४००, जी३१ चा बोर्ड, दोन जीबी रॅम. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट. फुकट हा शब्द पुढे येणार आहे.

एप्रिल २०१५. अकरावीची परीक्षा संपली आणि पीसीवर जीटीए फाइव्ह आला. सात डीव्हीडींचा डबा, पासष्ट जीबी जागा. मित्राकडून डीव्हीडी आणल्या, रॅम चार जीबी केली, इन्स्टॉल केला, चित्र स्लाइड शोसारखं. मी ठरवलं, ग्राफिक कार्ड हवं. साठवलेले पाच हजार घेऊन एकटाच गेलो. नवं जीटीएक्स ७५० टीआय बजेटबाहेर होतं. दुकानदाराने सेकंडहँड जीटीएक्स ४६० काढून दिलं. "इससे तगडा है, बॉस." ते खरं नव्हतं. शिवाय ७५० टीआय साठ वॅटचं कार्ड, बोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालणारं. ४६० हे १६० वॅटचं, त्याला दोन वेगळ्या पॉवर केबल लागतात. माझ्या एसएमपीएसला तशा केबल नव्हत्याच. "कन्व्हर्टर लगा लो, साडेचारसौ वॅट का है ना?" डब्यावर ४५० लिहिलं होतं, खरं.

तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी रात्री टप्प असा आवाज आला, जळका वास आला, आणि मग पीसीच्या पंख्याची घरघर थांबल्यावर घर किती शांत असतं ते कळलं. बोर्ड गेला होता. हार्ड डिस्क वाचली, कार्डही वाचलं, बाबांचा चेहरा मात्र अजून आठवतो. ते ओरडले नाहीत. "आता बारावी झाल्यावर बघू," एवढंच.

आईने सकाळी एसएमपीएस उघडला. उघडण्याआधी हातात तोलला. म्हणाली, "अरे, हा हलका आहे." मला कळेना. मग तिने दाखवलं: ट्रान्सफॉर्मर लहान, हीटसिंक पत्र्याएवढी पातळ, इनपुटच्या फिल्टरच्या जागी नुसत्या तारा. "हे आम्ही पास केलं नसतं." नंतर चष्मा लावून स्टिकर वाचला आणि माझ्याकडून हिशेब करून घेतला. बारा व्होल्टच्या ओळीत सोळा अँपिअर. बारा सोळा एकशे ब्याण्णव. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १६०, झाले सव्वादोनशे, पंखे आणि डिस्क वेगळे. प्रोसेसर आणि कार्ड, दोन्ही मुख्यतः त्याच बारा व्होल्टवर जगतात. ४५० हा आकडा स्टिकर छापणाऱ्याचा होता. तेव्हापासून मी कुठलाही एसएमपीएस घेताना आधी ती ओळ वाचतो, आणि वजनही करतो, दुकानदार हसला तरी.

दुसरी चूक मला खूप नंतर कळली आणि ती जास्त झोंबली. जीटीए फाइव्हला कमीत कमी चार कोअरचा प्रोसेसर लागतो असं डब्यावरच लिहिलं होतं, कोअर टू क्वाड. माझा दोन कोअरचा. म्हणजे एसएमपीएस टिकला असता, तरी गेम अडखळलाच असता. मी चुकीचा पार्ट घेतला होता, चुकीच्या विजेवर.

कॉलेजची पहिली दोन वर्षं सेकंडहँड जी३१ बोर्डवर काढली. मे २०१८ मध्ये इंटर्नशिपच्या पैशांतून नवा पीसी जोडला: रायझन ५ २६००, बी३५० चा बोर्ड, आठ जीबी रॅम. दुकानातच बायोस अपडेट करून घ्यावा लागला, कारण प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा होता. कार्ड मात्र १०५० टीआय, कारण क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी १०६० चे भाव चढवून ठेवले होते. २०२१ मध्ये पुन्हा तेच, लॉकडाऊन आणि मायनिंग एकदम. आणि आत्ता रॅम. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात जास्त पैसा, म्हणून कंपन्या तिकडे वळल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपल्यासारख्यांना विकायचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या कपाटातल्या डब्याची किंमत कधी जिनिव्हात, कधी बिटकॉइनवर, कधी डेटा सेंटरवाले ठरवतात.

तर प्रश्नाकडे. आधी काय बदलू? गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर तेच अडवतंय. कार्ड निवांत आणि गेम तरी अडखळतोय, तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा. एएम४ चा बोर्ड असेल तर तुमचं नशीब चांगलं: २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० चालतो, आपल्या बोर्डची यादी कंपनीच्या साइटवर तपासा. मी तेच करतोय. २६०० काढून ५६००, बोर्ड तोच, रॅम तीच डीडीआर४. अजून आठ जीबी हवी आहे, पण भाव बघून सेकंडहँड शोधतोय. रॅम सेकंडहँड घ्यायला मी घाबरत नाही, दुकानातच टेस्ट करून मिळते. मायनिंगवरून उतरलेलं कार्ड घ्यायला घाबरतो. सेकंडहँड एसएमपीएस तर नाहीच, कोणी फुकट दिला तरी.

आणि पक्कं बिल घ्या. अठरा टक्के जीएसटी जड जातो, मान्य. पण तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावर असते, दुकानदाराच्या "मैं बैठा हूँ ना" वर नाही.

येत्या शनिवारी ग्रँट रोडला जायचंय, नवा एसएमपीएस आणि कार्ड घ्यायला. बाबांनी विचारलं, ऑनलाइन का नाही मागवत, घरपोच येतं. मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "ऑनलाइन वजन कसं करणार?" तीही येतेय. सकाळची आठ पंचेचाळीसची दादर लोकल, लेडीज डब्यात ती, मी जनरलमध्ये, भेट ग्रँट रोडच्या पुलावर.